वॉल्टर बल्वर यांची पोल्का: उडीपुरती जागा

मंडळी, वॉल्टर बल्वर यांचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, ऐकताना कान आपोआप सुरांकडे वळतो. आज तो पायांकडे वळवू या, कारण त्यांच्या पोल्का या नाचासाठीच्याच चाली आहेत.

बल्वर इंग्लंडमधल्या नॉरफक काउंटीतल्या शिपडम गावचे. जन्म १८८८चा, धंदा शिवणकामाचा आणि केस कापण्याचा. १९६२ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्यांच्या फिडलचं ध्वनिमुद्रण झालं. साथीला पियानोवर पत्नी डेझी आणि डल्सिमर या संतूरसारख्या वाद्यावर हिंगमचे बिली कूपर. १९६५ मध्ये तबकडी निघाली ती अवघ्या ९९ प्रतींची. १९७६ मध्ये ‘टॉपिक’ या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने ती पुन्हा काढली. बल्वर यांच्या नावाच्या पोल्का आज इंग्लंडमधल्या लोकसंगीताच्या बैठकींत सर्रास वाजतात.

या फिडलच्या तारा जी, डी, ए, ई अशा लावलेल्या. आपल्याकडचं प-सा-प-सा लावलेलं व्हायोलिन घेतलंत, तर बोटांच्या जागा चुकतील. आधी तारा बदला.

आता मुद्द्याचं. पोल्काच्या एका बारमध्ये, म्हणजे चालीच्या एका छोट्या मापात, दोन ठोके. नाचणारा पहिल्या ठोक्यावर पाऊल टाकतो, मग दुसरा पाय जवळ आणतो, दुसऱ्या ठोक्यावर पुन्हा पाऊल. आणि पुढचा बार सुरू होण्याच्या अगदी आधी एक छोटी उडी. ती उडी वादकाने द्यायची असते. बारमधला शेवटचा स्वर आखूड करायचा, गज तारेवरच ठेवून दाब काढायचा आणि पुढच्या बारचा पहिला स्वर नव्या गजाने, ठासून घ्यायचा. गजाच्या मध्यावर चार बोटं रुंदीची जागा पुरते.

मींडेची सवय असलेला हात इथेच फसतो. सूर तुटू नये म्हणून तो शेवटचा आणि पहिला स्वर एकाच गजात बांधतो. कानाला गोड लागतं, पण नाचणाऱ्याचा पाय जमिनीला चिकटतो. आयरिश पोल्कांवरून आलेले वादक दुसरी चूक करतात: जोर ठोक्यांच्या मधे देतात. इथे तो ठोक्यावरच हवा.

दोन बारमधली ही फट ध्वनिमुद्रणात चटकन सापडत नाही. डल्सिमर काठ्यांनी वाजतं, त्याच्या तारा घुमत राहतात आणि फिडलची फट झाकतात. आधी पियानोचा डावा हात धरा, मग फिडल ऐका.

आठ बारचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, म्हणजे ३२ बार. मिनिटाला १२० ठोके धरले तर एक फेरी ३२ सेकंदांची, आणि साडेचार मिनिटांच्या नाचाला आठ-नऊ फेऱ्या लागतात. खांदा दमला की गज लांबतो आणि सगळ्यात आधी ती फट बुजते. म्हणून सराव दहा फेऱ्यांचा करा आणि दहावी फेरी मुद्रित करून ऐका.