बादलीतला हिशोब

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकन नोटा मोजायला अवघड असतात. मी छत्तीस वर्षं बँकेत कॅश काउंटरवर काढली, तेव्हा ही तक्रार करायचा मला हक्क आहे. आपल्याकडे दहाची नोट चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट. आकारही वेगवेगळे, त्यामुळे डोळ्यांच्या आधी बोटांनाच कळतं. तिकडे एक डॉलरची नोट आणि शंभर डॉलरची नोट एकाच मापाची. नव्या नोटांना रंगाची थोडी झाक असते म्हणा, पण ती दिवसाउजेडी दिसते. मी मोजत होते त्या नोटा एका बारच्या मागच्या खोलीत, लाल दिव्याखाली, रात्री साडेदहा वाजता.

बारमध्ये तू काय करत होतीस, असं माझ्या बहिणीनेही विचारलं होतं. सांगते.

माझी मुलगी ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ राहते. तो भाग संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांचा, त्यामुळे तिथे आपली माणसंही बरीच. तिच्या ऑफिसात अकाउंट्समध्ये एक तिशीचा मुलगा आहे. दिवसा इस्त्रीचा शर्ट, चष्मा, खाली मान. तो गे आहे, आणि एका स्थानिक गे स्पर्धेत उतरला होता. पुरुषांनी बाईचा वेश करून उतरायची, तिकडे याला ड्रॅग म्हणतात. मुकुट, पट्टा, टाळ्या, सगळं असलेली सौंदर्यस्पर्धा. त्या रात्रीचे पैसे मोजणारी बाई आयत्या वेळी आजारी पडली आणि माझ्या लेकीने मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. मी आधी एवढंच विचारलं, पैसे कुणाचे? एचआयव्ही असलेल्या लोकांना महिन्याचा किराणा देणारी एक संस्था होती, पैसे तिला जायचे होते. मग साडी की पंजाबी ड्रेस एवढाच प्रश्न उरला. साडी नेसले. तिथे गेल्यावर कळलं, अख्ख्या बारमध्ये सगळ्यात साधे कपडे माझेच होते.

खोटं कशाला बोलू, गेल्या गेल्या मला अवघडल्यासारखं झालं. आमच्या पिढीत हा विषय घरात निघत नसे. निघालाच तर कुजबुजत, नाहीतर चेष्टेत. पण आत गेले तर तो अकाउंट्समधला मुलगा आरशासमोर बसून शाळकरी पोरांच्या ग्लू स्टिकने स्वतःच्या भुवया कपाळाला चापून चिकटवत होता. भुवया अशा सपाट झाल्या की त्यांच्यावर रंग चढतो आणि वर नव्या, कमानदार भुवया काढता येतात. कंबरेला भरीव दिसावं म्हणून गादीच्या फोमचे कापलेले तुकडे. गाऊन त्याने स्वतः शिवलेला, जेवायच्या टेबलावर मशीन ठेवून. मी जवळ जाऊन शिवण पाहिली. खालची दुमड हाताने, बारीक उलट्या टाक्याने घातली होती. माझ्या आईने मान डोलावली असती.

लेकीने मला आधीच बजावून ठेवलं होतं. आई, स्टेजवर गेला की ‘ती’ म्हणायचं, उतरला की ‘तो’. मी म्हटलं, हे मला नको शिकवूस, मी कोल्हापूरची आहे. बालगंधर्व रंगमंचावर भामिनी आणि घरी नारायणराव, यात आमच्या आजीचा कधी गोंधळ झाला नाही. उलट गंधर्वांसारखी साडी नेसायची त्या काळच्या बायकांची धडपड असे. आणि १९२१ साली त्याच बालगंधर्वांनी आमच्या केशवराव भोसल्यांबरोबर मुंबईत संयुक्त मानापमान केलं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. म्हणजे पुरुषाने शालू नेसून उभं राहायचं आणि लोकांनी चांगल्या कामासाठी पैसे मोजायचे, हे आपल्याला काही नवं नाही. फरक आहे, तोही सांगते. गंधर्वांना कुणी पोलीस ठाण्यात नेलं नाही.

हे मी का म्हणते, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या होजे सारियाची गोष्ट ऐकलीत की कळेल. नोटांचा गठ्ठा यायला वेळ होता, तेव्हा ही गोष्ट मला शेजारच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगायला घेतली. घरी येऊन मी तिच्यावर बरंच वाचलं.

सारियाचा जन्म १९२२ चा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता. परत आल्यावर त्याला शिक्षक व्हायचं होतं. एका बड्या हॉटेलच्या स्वच्छतागृहात पोलिसांनी त्याला अनैतिक वर्तनाच्या आरोपाखाली पकडलं, आणि शिक्षकी तिथेच संपली. मग तो ब्लॅक कॅट नावाच्या बारमध्ये पेले पोहोचवू लागला. पेले पोहोचवता पोहोचवता गाऊ लागला. उंच टाचांचे बूट घालून, एकटाच, अख्खा ऑपेरा विनोदी करून गायचा. बार बंद व्हायच्या वेळी सगळ्यांना उभं करायचा आणि इंग्रजांच्या राष्ट्रगीताच्या चालीवर, शब्द बदलून, गायला लावायचा. मूळ गाण्यात देवाला विनंती होती की राणीला सांभाळ. याच्या गाण्यात राण्या तिथेच समोर उभ्या होत्या, कारण तिकडे गे पुरुषांना थट्टेने ‘क्वीन’, म्हणजे राणी, म्हणतात.

पोलिसांचा एक कायदा होता. फसवण्याच्या हेतूने दुसऱ्या लिंगाचा वेश केला तर अटक. हॅलोविनच्या रात्री सोंगं घेण्याची मुभा असे, पण रात्रीचे बारा वाजले की मुभा संपली, आणि गाड्या तयारच असत. यावर सारियाने काय केलं? मांजराच्या तोंडाच्या आकाराची कागदी लेबलं केली आणि लोकांना वाटली. लेबलावर लिहिलेलं, मी मुलगा आहे. आता छातीवर असं लेबल लावून कुणी गाऊन घालून चालला असेल तर त्याने फसवलं कुणाला? कायद्यातला ‘हेतू’ हा शब्दच त्याने कागदाच्या एका तुकड्याने काढून घेतला. सरकारी नियमांशी आयुष्य काढलेल्या बाईला या युक्तीचं किती कौतुक वाटलं असेल, तुम्हीच बघा.

१९६१ साली हाच सारिया सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला. आपण समलिंगी आहोत हे न लपवता अमेरिकेत निवडणूक लढवणारा तो पहिला माणूस. पडला. पण मतं सुमारे ६,००० मिळाली, आणि एवढे लोक आपल्या गावात आहेत हे पुढाऱ्यांच्या कानावर गेलं. पुढच्या वर्षी गे बारच्या मालकांनी आपली संघटना काढली. ब्लॅक कॅटचा परवाना मात्र १९६३ मध्ये गेलाच.

आता मुकुटाकडे येते. १९६५ मध्ये त्या बारमालकांच्या संघटनेने मोठा नृत्यसमारंभ केला आणि सारियाला त्या रात्रीची राणी जाहीर केलं. तो म्हणाला, राणी तर मी आहेच, मी सम्राज्ञी होणार. आणि नुसती सम्राज्ञी नव्हे, विधवा सम्राज्ञी. नवरा कोण? जोशुआ नॉर्टन.

या नॉर्टनसाठी थोडी वाट वाकडी करू द्या, कारण हा माणूस माझ्या खात्यातला आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा व्यापारी, पेरूच्या तांदळाच्या सट्ट्यात बुडालेला. दिवाळं निघाल्यावर १८५९ साली त्याने वर्तमानपत्रात जाहीरनामा दिला की आजपासून मी अमेरिकेचा सम्राट. गावाने त्याला हसून सोडलं नाही, सांभाळलं. आणि ऐका, त्याने स्वतःच्या नावाच्या नोटा छापल्या, आणि गावातले दुकानदार त्या घेत. कुठल्याही रिझर्व्ह बँकेशिवाय! १८८० मध्ये तो वारला. पंच्याऐंशी वर्षांनी सारियाने त्याच्या नावाचं कुंकू लावलं, किंवा पुसलं म्हणा. पुढे दर वर्षी तो काळा पोशाख करून, लवाजमा घेऊन कोल्मा गावातल्या नॉर्टनच्या कबरीवर जायचा. २०१३ मध्ये सारिया गेला. त्याचं दफनही तिथेच, नॉर्टनच्या जवळ.

त्या थट्टेतून दरबार उभे राहिले. शहराशहरातून सम्राट, सम्राज्ञी, राजकुमार, राजकन्या. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको मिळून साठाहून जास्त ठिकाणी हे पसरलं. आपल्या गणपती मंडळासारखंच म्हणा. अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, नोंदणी आहे, रुसवेफुगवे आहेत, आणि वर्गणी आहे. मुकुट एक वर्षाचा. त्या वर्षभरात कार्यक्रमावर कार्यक्रम करून पैसे जमवायचे आणि ते अनाथ मुलांना, बेघरांना, आजाऱ्यांना द्यायचे. पोर्टलंडचा दरबार जुन्यांपैकी. तिथला वॉल्टर कोल, कोरियाच्या युद्धाच्या काळातला सैनिक, १९६७ मध्ये एक साधी खानावळवजा दारूची जागा विकत घेऊन बसला. १९७२ मध्ये तो गावची पंधरावी सम्राज्ञी झाला, म्हणून त्याचं रंगमंचावरचं नाव डार्सेल पंधरावी. २०१६ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी जगातला सर्वांत वयस्कर ड्रॅग कलाकार म्हणून गिनीज बुकात गेला, आणि २०२३ मध्ये बाण्णवाव्या वर्षी वारला.

मी गेले ती स्पर्धा याहून धाकटी, एका बारपुरती. पण रीत तीच. पहिल्या फेरीत परीक्षकांनी आमच्या मुलाला विचारलं, निवडून आलास तर वर्षात पैसे कसे उभे करशील? मला वाटलं, कर्जाची मुलाखत चालली आहे. तो म्हणाला, महिन्यातून एकदा बिंगो. बिंगो म्हणजे आपला तंबोला. एका परीक्षकाने लगेच चेहरा पाडला, कारण तंबोला तिकडेही सगळेच करतात.

मग गाणी. गाणं रेकॉर्डवर, ओठ यांचे. आणि आता जे झालं ते पाहून मी खुर्चीतून पुढे सरकले. लोक एकेक डॉलरची नोट उंच धरून उठू लागले. ती नाचता नाचता यायची, नोट घ्यायची, डोळ्यांत बघून मान झुकवायची. ही तर दौलतजादा! फक्त इथे नोट देणाऱ्याचं नाव कुणी पुकारत नव्हतं, आणि नोट नाचणारीच्या पदरात पडत नव्हती. मागून एक पोरगा प्लास्टिकची बादली घेऊन फिरत होता. खाली पडलेली प्रत्येक नोट बादलीत.

ही बादली कशी जड झाली, ते शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं. १९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची बातमी आली. पुढे त्याला एड्स म्हणू लागले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या रोगावर पहिलं मोठं भाषण केलं ते १९८७ मध्ये, आणि तोवर २०,००० हून अधिक अमेरिकन मेले होते. मधली सहा वर्षं घरमालक भाडेकरूला काढत होते, नोकरी गेली की विमाही जात होता, काहींना आईबापही दारात उभं करत नव्हते. भाडं, औषध, जेवण, आणि शेवटी अंत्यविधी, हा खर्च ज्या ज्या ठिकाणांहून निघाला त्यांत बारमधल्या या बादल्या होत्या. ते गृहस्थ म्हणाले, एका वर्षी ज्यांच्याबरोबर आम्ही बादली फिरवली, दुसऱ्या वर्षी त्यांच्याचसाठी फिरवली. मग ते गप्प बसले. मीही पुढे विचारलं नाही.

एक खटकलेली गोष्टही सांगते, नाहीतर मी कसली कॅशियर. या लोकांचा कपड्यांवर, विगांवर, प्रवासावर होणारा खर्च मोठा आहे, आणि तो खिशातून. तिशीतल्या पगारदाराने मुकुटाच्या वर्षात क्रेडिट कार्डावर कर्ज करायचं आणि संस्थेला त्याहून कमी रक्कम द्यायची, असंही होतं म्हणे. सरळ चेक दिला तर जास्त जातील की! मी हे लेकीला गाडीत बोलून दाखवलं. ती म्हणाली, आई, गणपतीत मांडव न घालता सरळ चेक देतेस का तू? मी खिडकीबाहेर पाऊस बघत बसले. पोर्टलंडला पाऊस कायम असतो.

पण ते नंतर. मागच्या खोलीत बादली आली तेव्हा नोटा चुरगळलेल्या, घामाने ओल्या, काहींवर टिकल्या चिकटलेल्या. मी आधी सगळ्या एकतोंडी लावल्या. स्पंजची डबी नव्हती, बारवाल्याने पेल्यात ओला नॅपकिन घालून दिला. एकच्या नोटांची शंभराची सहा बंडलं आणि वर त्रेचाळीस. पाचच्या बावीस, दहाच्या सहा, वीसच्या चार. एक दहाची नोट एकच्या बंडलात दडून बसली होती, ती दुसऱ्या मोजणीत सापडली. एकूण आठशे त्र्याण्णव. कागदावर रक्कम आकड्यात लिहिली, अक्षरात लिहिली, माझी सही केली आणि दुसरी सही मागितली. रोकड दोन सह्यांशिवाय मी आयुष्यात हलवलेली नाही.

तेवढ्यात आमचा मुलगा आला. दुसरा आला होता. मुकुट तंबोल्याऐवजी दर रविवारी गाड्या धुवायचं कबूल करणाऱ्याला मिळाला. विग हातात, ग्लू स्टिकच्या भुवया एका बाजूने सुटलेल्या. ‘किती झाले?’ त्याने विचारलं. मी आकडा सांगितला. तो मान हलवून बूट काढायला वाकला, आणि वाकल्यावर गाऊनच्या गळ्यातून घडी घातलेली पाचची नोट टपकन टेबलावर पडली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. मग मी लिहिलेला कागद फाडला, पाचच्या नोटा पुन्हा हातात घेतल्या आणि नवा कागद मागितला.

नमस्कार.