‘पुरे नाही’ आणि ‘आता पुरे’

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधी एक कबुली देतो. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जॅझचे अभ्यासक’ असं छापलंय. तसं काही नाही. मी बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातल्या बऱ्याच शनिवारी चोरबाजारात तबकड्या चाळत बसलो, एवढंच. वाद्य मला एकही येत नाही. कॉलेजात असताना एक जुनं क्लॅरिनेट विकत घेतलं होतं. आम्ही चाळीत राहायचो. पाचव्या दिवशी शेजारचे अण्णा आले, दारातच उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “बाळा, पोरांच्या परीक्षा आहेत रे.” क्लॅरिनेट माळ्यावर गेलं ते गेलंच.

अण्णांची आठवण उगीच काढली नाही. आजची गोष्ट शेजाऱ्यांपासूनच सुरू होते.

१९५९चा उन्हाळा. मॅनहॅटनच्या ग्रँड स्ट्रीटवरची एक खोली. तिथे सनी रॉलिन्स राहतो. मी ‘तो’ म्हणतोय, रागावू नका. लता गायली, सचिन खेळला म्हणतो ना आपण, तसंच हे. अजून एकोणतिसावा वाढदिवस व्हायचाय, पण जॅझच्या जगात टेनर सॅक्सोफोन म्हटलं की पहिल्या दोन-तीन नावांत त्याचं नाव. ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ ही तबकडी रेकॉर्ड होऊन तीन वर्षं झालेली. कोलॉसस म्हणजे महाकाय पुतळा. पंचविशीतल्या पोराला असं नाव चिकटलं की त्याचं काय होत असेल, विचार करा. त्यात हा पोरगा नुकताच कुठे सावरलेला. हार्लेममध्ये वाढला, हेरॉइनच्या नादी लागला, तुरुंगात जाऊन आला, १९५५ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात स्वतःहून दाखल होऊन व्यसनातून सुटला. आणि मग अवघ्या चार वर्षांत हे सगळं नाव.

अशा वेळी त्याने काय करावं? तो थांबला. कार्यक्रम बंद, रेकॉर्डिंग बंद. पुढे त्याने अनेक मुलाखतींत कारण सांगितलंय आणि ते फार साधं आहे: लोक माझ्याबद्दल जे बोलत होते तितका मी चांगला नव्हतो, आणि हे मला माहीत होतं.

थांबला म्हणजे वाजवणं थांबवलं नाही. उलट रियाज वाढवला. पण टेनर सॅक्सोफोन म्हणजे काही तंबोरा नव्हे. पितळेचा, कोपरासारखा वाकलेला भोंगा तो. तोंडाशी वेताची पातळ पट्टी, तिला रीड म्हणतात. फुंक मारली की ती थरथरते आणि खोलीतल्या भांड्यांना कंप सुटतो. शेजारी एक बाई होती, दिवस गेलेली. तिला त्रास होईल म्हणून रॉलिन्सला घरात मोकळेपणी फुंकवेना. अण्णांना हात जोडावे लागले होते. इथे त्या बाईला तेवढंही करावं लागलं नाही. एकदा रस्त्यावरून चालताना त्याला विल्यम्सबर्ग पुलाकडे जाणाऱ्या पायऱ्या दिसल्या. वर गेला तर पादचाऱ्यांसाठी लांबलचक वाट. एका बाजूने मेट्रोच्या गाड्या धडधडत जातायत, मोटारींचा गोंगाट आहे, खाली ईस्ट नदीत बोटी भोंगे वाजवतायत. आणि कितीही जोरात वाजवलं तरी हात जोडायला कोणी येत नाही.

मला यातलं हेच आवडतं. पुढे या पुलाची दंतकथा झाली. एकांतातला योगी वगैरे. प्रत्यक्षात हा एकांत नव्हताच, न्यूयॉर्कमधल्या सगळ्यात कर्कश जागांपैकी ती एक होती! आणि तो तिथे पोचला तो वैराग्यातून नव्हे, शेजारधर्मातून.

दोन वर्षांहून जास्त काळ तो जात राहिला. उन्हाळ्यात, थंडीत, कधी दिवसाचे चौदा-पंधरा तास. करायचा काय? लांब स्वर. एकच सूर धरायचा आणि दम संपेपर्यंत हलू द्यायचा नाही. आपल्याकडे पहाटे खर्ज भरतात तेच. बोटींच्या भोंग्यांना उत्तरं द्यायची. रेल्वेच्या धडधडीवर मात करेल इतका भरीव आवाज काढायचा. १९६१ मध्ये एका पत्रकाराला तो तिथे दिसला. त्याने लेख लिहिला, पण या माणसाला त्रास होऊ नये म्हणून पूल आणि वादकाचं नाव दोन्ही बदललं. अशी पत्रकारिता, असो.

१९६१च्या अखेरीस तो परत मंचावर आला आणि १९६२ मध्ये तबकडी आली, ‘द ब्रिज’. गिटारवर जिम हॉल. आता गंमत ऐका. बऱ्याच समीक्षकांचा हिरमोड झाला. मधल्या काळात जॅझ उलटंपालटं झालं होतं. ऑर्नेट कोलमन हा सॅक्सोफोनवादक न्यूयॉर्कला येऊन नियमच मोडून बसला होता, दुसरा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन कुठल्या कुठे गेला होता. लोकांना वाटलं, हा पुलावरून काहीतरी नवीनच घेऊन उतरणार. आणि हा आला तो बराचसा आधीसारखाच वाजवत. मग दोन वर्षं घासलंस कशाला?

या प्रश्नाचं मला सुचलेलं उत्तर असं. तो नवीन शैली शोधायला गेलाच नव्हता. लोकांच्या मनात जो सनी रॉलिन्स होता आणि हातात सॅक्सोफोन धरलेला जो सनी रॉलिन्स होता, त्या दोघांतलं अंतर त्याला कमी करायचं होतं. हे काम बाहेरून दिसत नाही. तबकडीवर तर नाहीच दिसत.

इथे तुमच्यातल्या अनेकांच्या ओठांवर मैफली सोडून दिलेल्या सुरबहारवादक अन्नपूर्णादेवींचं नाव आलं असेल. किंवा कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं, देवासच्या त्या आजारपणातल्या वर्षांचं. मलाही मोह होतो. पण आवरतो. कुमारजींना क्षयाने थांबवलं होतं, अन्नपूर्णादेवींची कारणं त्यांच्याजवळ राहिली. थांबणारे सगळे एकाच कारणाने थांबत नाहीत, आणि माझा आजचा मुद्दाच तो आहे.

मुंबईशी मात्र या माणसाचा खरा संबंध आहे. साठच्या दशकाच्या शेवटी तो पुन्हा एकदा सगळं सोडून निघाला आणि आला कुठे, तर पवईला! स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. आज पवई म्हटलं की डोळ्यांपुढे टॉवर येतात. तेव्हा तलाव, टेकडी, झाडी आणि पलीकडे नवीन आयआयटी. तिथे तो काही महिने राहिला, वेदान्त शिकला. त्याची एक अडचण होती, ध्यान लागायचं नाही. डोळे मिटून बसलं की मन भटकायचं. त्याने स्वामींना विचारलं. उत्तराचा आशय त्याने पुढे कितीतरी वेळा सांगितलाय: तू वाद्य वाजवतोस तेव्हा ध्यानच करत असतोस, वेगळं बसायची गरज नाही. त्याला फार हायसं वाटलं म्हणे. दुसऱ्या कुणी ‘रोज एक तास पद्मासन’ सांगितलं असतं तर कदाचित जॅझचं नुकसान झालं असतं.

१९७८ मध्ये तो परत आला, पहिल्या ‘जॅझ यात्रे’त वाजवायला, धोबीतलावजवळच्या रंगभवनात. मी तेव्हा मुंबईतच होतो आणि गेलो नाही. दुसऱ्या दिवशी अकाउंटन्सीचा पेपर होता. त्या पेपरात किती मार्क पडले, हे आता माझ्यासकट कुणालाही आठवत नाही. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले आणि रंगभवनातले कार्यक्रम बंद झाले. शेजारी रुग्णालयं आहेत, कॉलेज आहे, तेही बरोबरच. अण्णा सगळीकडे असतात.

आता दुसरा माणूस. हा जॅझचा नव्हे, सोलचा. सोल म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधलं गाणं, पण देवाऐवजी माणसाला उद्देशून, अशी एक ढोबळ व्याख्या मी करतो. जाणकारांनी माफ करावं.

बिल विदर्स. जन्म १९३८, वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क, कोळशाच्या खाणींचं गाव. लहानपणापासून तोतरा. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. नौदलात नऊ वर्षं. मग कॅलिफोर्नियात कारखान्यात कामाला, बोइंग ७४७ विमानांत संडास बसवायचं काम. हो, संडासच, ‘प्रसाधनगृह’ म्हटलं तर त्यालाच हसू आलं असतं.

तो गाण्याकडे का वळला, हे त्याने स्वतः सांगितलंय आणि त्यात अध्यात्माचा लवलेश नाही. एका क्लबात बसला होता. त्या रात्री लू रॉल्स हा नावाजलेला गायक यायचा होता, त्याला उशीर झाला. मॅनेजर चरफडत होता, याला आठवड्याला दोन हजार डॉलर देतो आणि हा वेळेवर येत नाही! विदर्सला तेव्हा तासाला तीन डॉलर मिळत होते. एवढ्यात रॉल्स आला आणि क्लबातल्या सगळ्या बायका त्याच्याभोवती जमल्या. विदर्सने गहाणवटीच्या दुकानातून एक गिटार घेतली आणि गाणी रचायला बसला.

आपल्याला कलावंताचा हेतू उदात्त असलेला आवडतो. मला इथे विदर्स फार जवळचा वाटतो.

१९७१ मध्ये पहिली तबकडी आली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. मुखपृष्ठ बघा, ही माझ्याकडची प्रत आहे, पुढच्या रांगेत फिरवा, फक्त बोटं कडांना लावा. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच काढलेला फोटो आहे, हातात डबा. आपल्या गिरणगावातला कुठलाही माणूस वाटेल. यातल्या त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात, ‘एन्ट नो सनशाइन’मध्ये, तो मध्येच ‘आय नो’ एवढे दोनच शब्द घेतो आणि तेच म्हणत राहतो, सव्वीस वेळा. खरं तर तिथे तो आणखी ओळी लिहिणार होता, तोवर जागा भरायला म्हणून ते गायलेलं. निर्माता होता बुकर टी. जोन्स, तो आणि बाकीचे म्हणाले, राहू दे असंच. पहिलीच वेळ, समोर मुरलेली माणसं, याने ऐकलं. आपल्या भजनात विठ्ठल-विठ्ठल म्हणता म्हणता एका क्षणी तो शब्द अर्थ सोडून नुसता श्वास होतो, तसं काहीसं त्या सव्वीस वेळांत होतं.

तबकडी यायच्या आधी त्याला कारखान्यातून कमी केलं होतं. तो सांगायचा, एकाच दिवशी दोन पत्रं आली: एक कारखान्याचं, कामावर परत या म्हणून, दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमाचं निमंत्रण.

पुढची चौदा वर्षं गाणं, पुरस्कार, सगळं झालं. मधल्या काळात मोठ्या कंपनीत गेला, तिथे त्याला न विचारता सल्ले द्यायला माणसं आली. काळ्या माणसाने कसं गावं हे सांगणारे तज्ज्ञ. १९८५ला शेवटची तबकडी काढली आणि थांबला. सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी. आवाज गेला नव्हता, मागणी गेली नव्हती. लॉस एंजेलिसला राहिला, घरं-जागांत पैसे गुंतवले, बायको गाण्यांचे हक्क सांभाळायची. २०२० मध्ये वारला, तोवर पस्तीस वर्षं नवीन तबकडी नाही. लोक विचारायचे, परत कधी? त्याच्या उत्तरांत कधी कडवटपणा असायचा, बहुतेकदा नुसती मिस्कील शांतता.

हे दोघे शेजारी शेजारी ठेवले की मला मजा वाटते. एकाला वाटलं, आपण पुरे नाही. दुसऱ्याला वाटलं, आता पुरे. दोघांनी टाळ्या चालू असतानाच मंच सोडला. एकजण अधिक वाजवायला गेला, दुसरा घरी गेला.

मधे अ‍ॅलिस कोल्ट्रेन आहे, तिच्याबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. डेट्रॉइटची, पियानो आणि हार्प वाजवणारी, जॉन कोल्ट्रेनची पत्नी. जॉन १९६७ मध्ये चाळिशीत गेला, पदरात चार मुलं. त्यातल्या एकाचं नाव पंडित रविशंकरांवरून रवी. १९७० मध्ये ती भारतात आली, पुढे संन्यासिनी झाली, कॅलिफोर्नियात आश्रम काढला. तिथे दर रविवारी भजनं व्हायची. संस्कृत शब्द, पण साथीला ऑर्गन आणि टाळ्यांचा ठेका थेट डेट्रॉइटच्या चर्चमधला. त्याच्या कॅसेटी निघाल्या त्या आश्रमापुरत्याच. बाहेरच्या जगाने त्या मन लावून ऐकल्या त्या बहुतांशी २००७ मध्ये ती गेल्यावर. तिने ‘पुरे’ म्हटलं नाही आणि ‘पुरे नाही’ही म्हटलं नाही, तिने श्रोतेच बदलले.

वेळ संपत आलाय, चिठ्ठी आली. शेवटचं सांगतो आणि मग आपण ऐकू.

११ सप्टेंबर २००१ला रॉलिन्स वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही चौकांवर, उंच इमारतीत राहत होता. वय एकाहत्तर. मनोरे पडले. वीज गेली, फोन बंद. तो घरातच थांबला आणि काय केलं? सॅक्सोफोन काढला. रियाजाची वेळ होती. पण वाजवायला म्हणून खोल श्वास घेतला आणि त्या धुरळ्याने पोटापर्यंत कसंतरी झालं. थांबवावं लागलं. दुसऱ्या दिवशी इमारत रिकामी केली, तो कितीतरी मजले उतरून आला, हातात वाद्य. चार दिवसांनी बॉस्टनला कार्यक्रम ठरलेला होता. त्याला रद्द करायचा होता. बायको, ल्युसिल, म्हणाली, जायचं. गेला.

त्या रात्री सुरुवात केली ‘विदाउट अ साँग’ या जुन्या गाण्याने. आता ही तबकडी बघा, १९६२ची, ‘द ब्रिज’. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं हेच. पुलावरून उतरल्यावर सगळ्यात आधी लोकांपुढे ठेवलेलं. पुढे फुप्फुसांच्या आजाराने त्याला वाजवणं कायमचं सोडावं लागलं. ते थांबणं मात्र त्याच्या इच्छेचं नव्हतं.

मागचे दिवे जरा कमी करता का? थँक यू. सुरुवातीला थोडी खरखर ऐकू येईल. ती माझ्या रेकॉर्डची आहे, पुलाची नाही.