कान मिटून ओरडणारं वटवाघूळ

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात उपवन तलावाकाठी दिवेलागणीला थोडा वेळ थांबलात, तर मुठीत मावतील एवढी वटवाघळं पाण्यावर घिरट्या घालताना दिसतील. मध्येच एखादं गर्रकन वळतं, झेपावतं, पुन्हा वर येतं. त्या क्षणी ते अक्षरशः किंचाळत असतं. सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा! आपले कान २० किलोहर्ट्झपाशी थांबतात आणि त्याचा आवाज त्याच्याही वरचा, म्हणून आपल्याला सगळं शांतच वाटतं.

हा आवाज साधासुधा नाही. काही जातींत तो तोंडापासून १० सेंटिमीटरवर ११० डेसिबलच्या पुढे जातो. किड्यावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी, ज्यावरून त्याला अंधारात किडा सापडतो, तो मात्र अगदी क्षीण. मग स्वतःच्याच आवाजानं कान बधिर झाले, तर तो ऐकायचा कसा? बऱ्याच जातींत ओरडण्याच्या काही मिलिसेकंद आधी मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आखडतो आणि तिथल्या हाडांची हालचाल रोखून धरतो. आवाज बाहेर पडला, की स्नायू लगेच सैल होतो. प्रतिध्वनी येईपर्यंत कान पुन्हा तय्यार!

आता अंतर. किडा एक मीटरवर असेल, तर प्रतिध्वनी सुमारे ६ मिलिसेकंदांत परततो. १ मिलिसेकंदाचा फरक म्हणजे १७ सेंटिमीटरचा फरक. हा हिशेब मेंदू कसा करतो, ते नोबुओ सुगा या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या एका वटवाघळात दाखवलं. त्याच्या मेंदूत काही पेशी नुसत्या हाकेला फारशी दाद देत नाहीत, नुसत्या प्रतिध्वनीलाही नाही. दोन्ही ठरावीक वेळेच्या फरकानं आले, तरच त्या जोरात चेततात. कुणी ३ मिलिसेकंदांना, कुणी ६ला. शिवाय त्या ओळीनं मांडलेल्या असतात, म्हणजे मेंदूत अंतराचा नकाशाच पसरलेला. हे मला आजही थक्क करतं.

कानाचं महत्त्व कळायला मात्र फार काळ लागला. ज्युरीन या जिनिव्हाच्या शल्यचिकित्सकानं १७९४ मध्ये वटवाघळांचे कान बुजवले, तर ती अडथळ्यांवर आदळू लागली. तरीही अनेक विद्वानांनी ते मानलं नाही. अखेर १९३८ मध्ये हार्वर्डचे विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन वटवाघळांचा पिंजराच घेऊन पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञांकडे गेले. त्यांच्या यंत्रानं तो न ऐकू येणारा आवाज पकडला.

घोडबंदर रस्त्यावर रुग्णवाहिका जवळ येताना तिचा भोंगा जास्त चढा वाटतो, हे तुम्ही ऐकलं असेल. उडत्या वटवाघळाला समोरून येणारा प्रतिध्वनीही असाच चढा होऊन मिळतो. नाकावर नालासारखी घडी असलेली वटवाघळं, जी आपल्या सह्याद्रीतही आहेत, त्यावर उपाय करतात. उडताना ती आपलाच सूर तेवढा उतरवतात, म्हणजे प्रतिध्वनी नेमका त्यांच्या कानाला सर्वांत बारकाईनं कळणाऱ्या पट्टीत येतो. मग किड्याच्या पंखांची फडफडसुद्धा त्या सुरात उमटते.

वडा-पिंपळावर दिवसा लटकणारी मोठी फलाहारी वटवाघळं मात्र यातली नव्हेत. ती डोळ्यांवर आणि वासावर चालतात.

आणि भक्ष्यही बहिरं नसतं. कित्येक पतंगांना ही किंचाळी ऐकू येते. दूरची असली तर ते दिशा बदलतात, जवळची असली तर पंख मिटून थेट खाली पडतात. त्यांच्यातल्या काहींच्या एका कानात आवाज टिपणाऱ्या पेशी असतात फक्त दोन.