केटी: राखून ठेवलेली जागा

(दृश्य: कॉलेजचा जिना. परीक्षा विभागाची खिडकी.)

खिडकी साडेदहाला उघडते, पण रांग त्याआधीच जिन्यापर्यंत पोचलेली असते. प्रत्येकाच्या हातात मागच्या सेमची मार्कशीट आणि तिची झेरॉक्स. ‘किती विषय?’ आतून विचारलं जातं. ‘दोन,’ मुलगा सांगतो, मागच्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

दोन केट्या.

महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी माहीत आहे. ‘केटी लागली’ असं आपण म्हणतो, ठेच लागावी तसं. मूळ शब्द एटीकेटी, अलाउड टू कीप टर्म्स, म्हणजे सत्र राखण्याची मुभा. विषय राहिला असला तरी पुढच्या वर्गात बसा, पेपर नंतर द्या. नापास हा शब्द त्यात कुठेच येत नाही. किती विषय राहिले तर ही मुभा मिळते, ते विद्यापीठागणिक आणि शाखेगणिक बदलतं. त्यापलीकडे गेलं की वर्ष जातं. पुण्याकडची इंजिनिअरिंगची मुलं त्याला ‘वायडी’ म्हणतात, इयर डाऊन.

वायडी झालेल्या मुलाला बऱ्याच ठिकाणी वर्गात जागा उरत नाही. माजी विद्यार्थी म्हणून परीक्षेचा फॉर्म भरायचा आणि घरी बसून अभ्यास करायचा. ज्या विषयात तो अडला, नेमका तोच विषय त्याला पुन्हा कुणी शिकवत नाही. त्यात अभ्यासक्रम बदलतो. पुण्यात इंजिनिअरिंगला २०१५चा पॅटर्न गेला, २०१९चा आला. मागे राहिलेला मुलगा जुन्या पॅटर्नची पुस्तकं शोधत सिनियरांची दारं ठोठावतो. पवईच्या आयआयटीत ‘एफआर’ शेरा मिळाला, तर तो विषय पुन्हा पहिल्या तासापासून करावा लागतो. कष्ट जास्त आहेत, पण फळ्यासमोर बसायला मिळतं. मला त्या नियमात माणुसकी जास्त दिसते.

(दृश्य: चार घड्या पडलेला कागद उलगडणारे हात.)

हा कागद माझा आहे. दुसऱ्या वर्षाला ऐन परीक्षेत मला टायफॉइड झाला आणि दोन पेपर बुडाले. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन बाबा कॉलेजात गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी ते शांतपणे पूर्ण वाचलं आणि परत दिलं. ‘काका, याला रकाना नाही.’

खरंच नव्हता. मार्कशीटवर आलं ‘एबी’, गैरहजर. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत नापासाच्या ‘एफ’ला शून्य आणि ‘एबी’लाही शून्यच. पेपर न येणं आणि पेपरला येता न येणं, दोन्हींची किंमत एकच. आयआयटीत मात्र ‘आयआय’ नावाचा शेरा आहे. आजारपणासारख्या कारणानं परीक्षा राहिली, तर निकालात तो विषय अपूर्ण म्हणून नोंदतात आणि परीक्षा दिली की तिथे श्रेणी येते. एवढी दोन अक्षरं मिळाली असती, तर बाबा त्या संध्याकाळी इतके गप्प बसले नसते.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. लंडन.)

अपूर्ण राहिलेल्या शिक्षणाची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच घरातली आहे. १९१६ साली भीमराव आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही नाव घातलं. वर्षभरात बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पण निघण्याआधी त्यांनी एक परवानगी मिळवली. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी शब्द टाकला आणि लंडन विद्यापीठानं मान्य केलं, की ऑक्टोबर १९१७पासून चार वर्षांच्या आत हा विद्यार्थी परत येऊन अभ्यास पुढे सुरू करू शकेल.

मग इकडची वर्षं. बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पगारातून काटकसरीनं पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्रानं कर्ज दिलं. १९२० साली, चार वर्षांची मुदत संपण्याच्या आत, ते लंडनला पोचले. १९२१ला एमएस्सी, १९२२ला बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा डीएस्सीचा प्रबंध परीक्षकांनी एकदा फेरलेखनासाठी परतही केला. मुंबईत बसून त्यांनी तो पुन्हा लिहिला, लंडनला पाठवला आणि १९२३मध्ये पदवी मिळवली.

त्या चार वर्षांच्या कागदाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. बुद्धी त्यांची, जिद्द त्यांची. पण परतल्यावर दार उघडं असेल, हे कुणीतरी आधी लिहून दिलं होतं.

आज नवीन शैक्षणिक धोरणात अशी दारं कागदावर आली आहेत. एक वर्ष करून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येते. पुऱ्या केलेल्या अभ्यासाचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, विद्यार्थ्याच्या नावावर श्रेयांक बँकेत जमा राहतात. बाळंतपणासाठी थांबलेली मुलगी, शेतात अडकलेला मुलगा, यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त ती खिडकीपर्यंत पोचायला हवी. परत यायचं तर कुठला फॉर्म, फी किती, वर्गात बसू देणार का, याचं उत्तर फलकावर मराठीत लावलेलं हवं. आणि मार्कशीटवर ‘अपूर्ण’ असा एक रकाना हवा. इतकंच मागणं आहे.

(दृश्य: पुन्हा खिडकी. रांग पुढे सरकते.)

आता एका मुलीची पाळी आहे. फॉर्म, मार्कशीट, फीची पावती. त्याखाली तिनं हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स टाचली आहे. ती कुणी मागितलेली नाही.