जुना व्हॉल्व्ह गोड वाजतो म्हणजे नक्की काय वाजतं?

(अंधार. एकेक करून पेटणारे व्हॉल्व्ह.)

हे बघा. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची नळी, ट्रान्झिस्टरच्या आधी सिग्नल वाढवायचं काम हीच करायची. व्हॉल्व्हच्या यंत्रात स्विच टाकला की लगेच आवाज येत नाही, अर्धा मिनिट थांबायचं, आधी आतली तार मंद लाल होते, मग नारिंगी, आणि तोपर्यंत खोलीत कोणी बोलत नाही. हा शॉट आम्ही सात वेळा घेतलाय.

साखर पेठ, सोलापूर. रात्रीचे साडेअकरा. दिवसा इथं ऐकणं शक्यच नव्हतं कारण भिंतीपलीकडं यंत्रमाग आहेत, टॉवेल निघतात त्यावर.

(माग. धोटा इकडून तिकडं.)

त्या धोट्याच्या ठोक्याला इकडचं टेबल हलतं, टेबल हललं की व्हॉल्व्हच्या आतली बारीक जाळी थरथरते आणि स्पीकरमधून टिंग असा आवाज येतो. याला मायक्रोफोनिक व्हॉल्व्ह म्हणतात. दुरुस्ती करणाऱ्या अण्णांनी पेन्सिलीनं टिचकी मारून दाखवलंय, हेडफोन असेल तर लावून ऐका.

टेबलावर दोन प्रीअँप आहेत. रेकॉर्ड प्लेयर किंवा सीडीचा सिग्नल घेऊन मोठ्या अँप्लिफायरला देणारा डबा म्हणजे प्रीअँप, व्हॉल्यूमचं बटण याच्यावरच असतं. डावीकडचा 1970 च्या दशकातला, अमेरिकेत बनलेला, हे सगळं ज्यांचं आहे त्या सरांच्या भावानं तिकडून येताना आणला. उजवीकडचा पाच-सहा वर्षांपूर्वीचा, रिमोटवाला, पण हाही व्हॉल्व्हचाच. दोन्हींची नावं मुद्दाम घेत नाही, विषय कुठल्या एका कंपनीचा नाहीच.

थोडं मागं जाऊ. 1950 च्या दशकाच्या शेवटी आलेला मॅरँट्झ 7 आणि 1963 चा मॅकिंटॉश सी22, या दोन्ही प्रीअँपमध्ये सहा-सहा 12एएक्स7 व्हॉल्व्ह होते. युरोपात त्याच व्हॉल्व्हला ईसीसी83 म्हणतात. मग ट्रान्झिस्टर आला आणि सगळ्यांना वाटलं व्हॉल्व्ह संपला, आणि नेमकं तेव्हाच, 1970 मध्ये, मिनिआपोलिसच्या विल्यम जॉन्सन यांनी ऑडिओ रिसर्च नावाची कंपनी काढली ती व्हॉल्व्ह घेऊनच. आपल्याकडं तर घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ होते आणि बंगळुरूची बीईएल, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स, स्वतः व्हॉल्व्ह बनवायची. अण्णा त्या रेडिओंवरच शिकले.

सरांचं म्हणणं एकच, जुन्यात जो गोडवा आहे तो नव्यात नाही. वीस वर्षं ट्रंकेत पडून होता तो, काढला, लावला, वाजला, आणि सर नव्याला हात लावेनात.

अण्णांनी झाकण उघडलं आणि म्हणाले, "सर, हे आत्ता वाजतंय ते मशीन नाही, म्हातारे कंडेन्सर वाजतायत." कंडेन्सर म्हणजे आतले वीज साठवणारे छोटे भाग.

(वरून शॉट. हात, चिमटा, सोल्डरिंग गन.)

आता हे नीट बघा, कारण जुनं मशीन घेणारे बहुतेक जण इथंच चुकतात. ट्रंकेतून काढलेलं यंत्र थेट प्लगला लावायचं नाही. आधी सिरीज बोर्ड, म्हणजे मध्ये 60 वॅटचा बल्ब, बल्ब फुल पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू व्होल्टेज चढवायचं. हा तर 120 व्होल्टचा, त्यामुळं व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि बंद केल्यावरसुद्धा आत तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहतात, ते रजिस्टन्स लावून उतरवल्याशिवाय अण्णा बोट घालत नाहीत, बघा, मीटर शून्यावर येईपर्यंत डावा हात खिशात.

मग आतला वीजपुरवठा, म्हणजे सप्लाय, स्थिर ठेवणारे फिल्टर कंडेन्सर सगळे बदलले. ते सुकले की सप्लाय ढिला पडतो आणि खालचा आवाज थुलथुलीत होतो, आणि त्यालाच लोक भरदार म्हणतात. मग कपलिंग कंडेन्सर, म्हणजे एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडं फक्त सिग्नल जाऊ देणारे, डीसी अडवणारे. एक पाय सोडवून त्यावर डीसी मोजला, दोन लीक होते, म्हणजे पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे त्या आतल्या जाळीवर, नको ते व्होल्टेज जात होतं, बायस, म्हणजे तिथलं ठरवून दिलेलं व्होल्टेज, हललेला, आवाज फाटत होता पण इतका कमी की कानाला तो मऊपणाच वाटावा. 100 किलोओहमचा कार्बन रजिस्टन्स मोजला तर 118. जुने कार्बन असे वर चढतात. व्हॉल्व्ह मात्र एकही बदलला नाही, सगळे चांगले निघाले.

एवढं करूनही वरचा आवाज दबलेलाच. तानपुरा लावला तर जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, कुठंतरी कापसात गुंडाळलेली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

(कॅमेरा केबलच्या मागं मागं, भिंतीच्या कडेनं.)

ही केबल. सहा मीटर. अँप्लिफायर पलीकडच्या कपाटाशेजारी म्हणून सरांनी इतकी लांब टाकलेली. या जुन्या प्रीअँपचं आउटपुट थेट व्हॉल्व्हच्या प्लेटवरून येतं, इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, तीस किलोओहमच्या घरात, आणि सहा मीटर केबलची कपॅसिटन्स, म्हणजे कंडेन्सरसारखी वीज साठवायची तिची क्षमता, साधारण सहाशे पिकोफॅरड. हिशोब केला तर नऊ हजार हर्ट्झच्या आसपासपासून वरचं सगळं उतरायला लागतं. नव्याचं आउटपुट काही शे ओहम, त्याला ही केबल जाणवतसुद्धा नाही. म्हणजे इतके दिवस जी तुलना चालली होती त्यात एका बाजूला प्रीअँप होता आणि दुसऱ्या बाजूला प्रीअँप अधिक केबल.

अँप्लिफायर उचलून जवळ आणला. एक मीटरची केबल.

(तानपुरा. निवेदन थांबतं. सरांचा चेहरा.)

आता खरी तुलना. 1000 हर्ट्झचा टोन सोडून दोन्हींचं आउटपुट मीटरवर सारखं केलं, 1 व्होल्टला 1 व्होल्ट, कारण जरा जरी मोठा वाजला तरी कान त्यालाच चांगला म्हणतो. नव्यात फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, नाही म्हणून जुन्यातला फोनोही बाजूला ठेवला, एकच वेगळा फोनो दोघांना. मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी.

फरक आहे. पण आम्ही समजत होतो त्याच्या निम्मासुद्धा नाही. नव्यात 6एच30 नावाचा रशियन व्हॉल्व्ह आहे, सिग्नल कमी वाढवतो पण करंट भरपूर देतो, सप्लाय रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज हलू न देणारा, त्यामुळं गाणं सुरू व्हायच्या आधीची शांतता खरोखर शांत आहे, बायाँची मींड कुठं संपली ते कळतं. जुन्यात मागं बारीक सूं आहे, तबला किंचित मऊ, पण गळा असा पुढं येऊन बसतो की मन्सूरांचा श्वास घेणंसुद्धा जवळून येतं. ते दुरुस्तीनंतरही राहिलं, उलट वाढलं. माझ्या मते तेवढा गोडवा खरा त्या सर्किटचा, बाकीचा सुकलेल्या कंडेन्सरचा आणि केबलचा.

सरांनी नवा विकायला काढला होता, तो बेत रद्द केला. केबल गुंडाळून माळ्यावर.

(पहाट. गल्लीत उजाडतंय.)

साडेसहा झालेत. रेकॉर्डची दुसरी बाजू चालू आहे, जुन्या प्रीअँपवर. सर बंद करायला तयार नाहीत. भिंतीपलीकडं पहिला माग सुरू झाला, आणि हे ऐका, डावीकडच्या स्पीकरमधून, टिंग.