गाडी खाली बसवताना

फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने एमएक्स-5 मियाटा ही उघड्या टपाची, दोन आसनांची गाडी लोकांपुढे आणली. तिचे वजन जेमतेम एक टन असून चारही चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आडव्या भुजांनी (विशबोन) गाडीला जोडलेले असते. मूळचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांची अशी जोडी, जिच्यात स्प्रिंगची बैठक फिरवून गाडीची उंची बदलता येते) बसवलेली तशीच एक मियाटा आता आपल्यासमोर उभी आहे.

उंची मोजताना जमिनीपासून मोजले, तर टायरचे माप आणि हवा यांमुळे आकडा बदलतो. म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घेतात. खाली बसवलेल्या मियाटासाठी हे अंतर साधारणपणे 13 इंचांच्या आसपास ठेवले जाते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर चाकापासून बराच आत, खालच्या विशबोनवर टेकलेला असल्यामुळे स्प्रिंगची बैठक 10 मिलिमीटर खाली घेतली, की गाडी त्याहून अधिक खाली येते. म्हणून पाना थोडाथोडाच फिरवावा. जॅकवरून उतरवल्यावर गाडी पुढेमागे ढकलून चाके नीट बसू द्यावीत आणि मगच टेप लावावी.

गाडी खाली आली, की शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडा आधीच तेवढा आत गेलेला असतो आणि खड्ड्यात चाक वर उचलले जाण्यासाठी उरलेली जागा घटते. ती संपली, की दांडा बंप स्टॉपवर, म्हणजे हालचाल थांबवणाऱ्या टोकाच्या गादीवर, आदळतो, सस्पेन्शन एकाएकी ताठर होते आणि हे वळणाच्या मध्यावर घडले, तर त्या टोकाचे टायर पकड सोडू शकतात. टायर मडगार्डमध्ये लपलेली गाडी देखणी दिसते हे खरे; पण चाकाला हलायलाच जागा नसेल, तर ती स्पोर्ट्स कार म्हणून निकामी झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

चारही उंची सारख्या झाल्या, तरी चारही चाकांवरचे वजन योग्य वाटले गेले असे नसते. चौरंगाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर वाढतो, तर उरलेल्या दोन पायांवर हलका होतो. गाडीचेही तसेच आहे. म्हणून सपाट जमिनीवर प्रत्येक चाकाखाली एकेक वजनकाटा ठेवतात, टायरमधील हवा सारखी करतात, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) सोडवतात आणि चालकाच्या आसनावर त्याच्याच वजनाइतका भार ठेवतात. समजा, एकूण वजन 1040 किलो आले आणि पुढचे डावे व मागचे उजवे चाक मिळून 540 किलो भरले, तर दुसऱ्या कर्णावर, म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या उरलेल्या दोन चाकांवर, 500 किलोच उरतात आणि गाडी डावीकडे व उजवीकडे वेगवेगळी वळते. पहिल्या कर्णाची दोन्ही टोके किंचित खाली आणि दुसऱ्याची किंचित वर घेत दोन्ही बेरजा 520 किलोंजवळ आणायच्या असतात. पुढच्या व मागच्या किंवा डाव्या व उजव्या बाजूचे एकूण वजन मात्र अशा फिरवाफिरवीने बदलत नाही. त्यासाठी गाडीतली वस्तूच हलवावी लागते.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, त्यानंतरच करायचे, कारण उंची बदलली, की कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून पाहता चाकाच्या पुढच्या कडेचा आत-बाहेर कल) दोन्ही बदलतात. मियाटाच्या खालच्या विशबोनच्या बोल्टांना विकेंद्री (मध्यापासून सरकलेल्या छिद्राच्या) चकत्या आहेत आणि त्या फिरवून पुढची व मागची चाके हव्या त्या कोनात आणता येतात.

एक गोष्ट अनेकदा राहून जाते. विशबोन हलते, तेव्हा तिच्या सांध्यातल्या बुशमधले (बोल्टाभोवतीच्या रबरी नळीतले) रबर पिळवटते. गाडी जॅकवर लोंबकळत असताना विशबोनचे बोल्ट आवळले, तर ती जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, लवकर फाटते आणि मोजलेली उंचीही फसवी ठरते. त्यामुळे काम सुरू करतानाच हे बोल्ट सैल करायचे आणि चारही चाकांवर गाडीचा पूर्ण भार आल्यावरच ते शेवटचे आवळायचे.