बासची तार निवडताना

(पडद्यावर: बास गिटारची सर्वांत जाड तार, अगदी जवळून.)

या तारेच्या पोटात पोलादाचा गाभा असतो आणि त्याच्यावर दुसरी तार घट्ट गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असेल तर वेढ्यांमध्ये बारीक खाचा राहतात आणि बोट सरकलं की खरखर ऐकू येते. ही राउंडवाउंड. गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळली की बोटाला खाच लागतच नाही. ही फ्लॅटवाउंड.

(पडद्यावर: डेट्रॉइटमधलं मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं घर.)

1960च्या दशकात इथे जेम्स जेमरसन बास वाजवत. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. त्यांच्या 1962च्या फेंडर प्रिसिजन बासवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या भागाच्या) झाकणाखाली स्पंज. तार तुटल्याशिवाय ते ती बदलत नसत. घाम आणि मळ बसून ती अधिकच बोथट वाजायची, आणि त्यांना तेच हवं होतं. त्यांच्या स्वराचा ठोका नीट ऐका. भरीव उमटतो, चटकन सरतो, आणि गाणाऱ्याला जागा मोकळी करून देतो. इतकी वळणं घेणारा बास गाण्यावर कुरघोडी का करत नाही, याचं बरंचसं उत्तर त्या जुन्या तारांत आहे.

(ध्वनी: फ्लॅटवाउंड, पाठोपाठ नवी राउंडवाउंड.)

इंग्लंडमध्ये 'द हू' या रॉक बँडच्या जॉन एंटविसल यांना नेमकं उलटं हवं होतं, पियानोच्या खर्जासारखी खणखणीत तार. 1966मध्ये रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीच्या जेम्स हाउ यांच्याबरोबर बसून त्यांनी राउंडवाउंड तारा मनासारख्या करून घेतल्या.

मग रॉकला राउंड आणि सोलला, म्हणजे मोटाउनसारख्या संगीताला, फ्लॅट, असं ठरवून टाकायचं? 'आयर्न मेडन' या हेवी मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस इतक्या वेगवान संगीतातही फ्लॅटवाउंडच वाजवतात, आणि त्याही ताज्या. जाझ बासवादक जाको पास्टोरियस यांनी फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नसलेल्या बासवर राउंडवाउंड लावल्या. लाकूड झिजू नये म्हणून त्यावर इपॉक्सीचा थर चढवला, पण तार सोडली नाही.

म्हणून आधी आपला हात बघा. जोरात छेडत असाल तर बारीक तार फ्रेटवर आपटून कडकडते. तारेची जाडी, म्हणजे गेज, इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात; सर्वांत बारीक तार 45 आणि सर्वांत जाड 105, असा सेट बहुतेकांना जमतो. हलका हात असेल किंवा स्लॅप करत (अंगठ्याने तार आपटून वाजवत) असाल तर 40 ते 100 लावून बघा. स्टेनलेस स्टीलचा आवाज धारदार असतो, पण बोटांना आणि फ्रेटना ती जाचते. निकेल चढवलेली तार त्या मानाने मवाळ. गेज बदललं की मानेवरचा ताणही बदलतो, तेव्हा सेटअप (तारांची उंची, मानेचा बाक यांची जुळणी) पुन्हा करून घ्या. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत नीट बसते का, हेही बघा.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत राउंडवाउंडची चमक फार लवकर जाते, कारण घाम त्या खाचांतच साचतो. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसायच्या, खालच्या बाजूनेही. फ्लॅटवाउंड महाग पडते, पण वर्षानुवर्षं चालते.

आणि घरी एकट्याने वाजवून निकाल लावू नका. खोलीत झकास वाटलेली तार ड्रम्स सुरू झाले की हरवू शकते. तालमीत बँडबरोबर एक गाणं फोनवर रेकॉर्ड करा आणि फक्त बास ऐका.